पोटांतलें विष आणि उरांतली कळ

गेले दोन महिने हें सदर मासिकांत आलें नाहीं, त्याबद्दल कित्येक वाचकांनीं संपादकांस पत्रें लिहिलीं व तीं त्यांनीं अगत्यपूर्वक मजकडे पाठविलीं. एका भगिनींनीं तर "गुरुजी, आपली प्रकृति बरी नाहीं काय?" असें सरळच विचारलें आहे. तेव्हां उत्तर देणें प्राप्त आहे. प्रकृति बरी नव्हती हें खरें; परंतु ती बिघडली आहे हें ओळखण्यास मीं जो उशीर लावला तो अधिक लाजिरवाणा आहे, आणि आजच्या लेखाचा विषय तोच आहे. ज्याचें आयुष्य दुसऱ्यांच्या चुकांखालीं तांबड्या शाईच्या रेघा ओढण्यांत गेलें, त्याला स्वतःची चूक चव्हाट्यावर मांडणें जड जातें. तथापि ही चूक आपल्यासारख्या पुष्कळ सुशिक्षित घरांत होत असली पाहिजे, असें आतां मला वाटूं लागलें आहे. म्हणून ती सविस्तर सांगतों.

गौरी जेवल्या त्या दिवसाची गोष्ट. मुंबईपुण्याकडील मंडळी महाडास घरीं आलेली. दुपारीं घावन-घाटलें, संध्याकाळीं पुन्हां उकडीचे मोदक. मोदक किती खाल्ले हें सांगत नाहीं. वर तूप होतें एवढें सांगितलें म्हणजे पुरे. रात्रीं तीनच्या सुमारास जाग आली ती छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालीं कोणी पाटा ठेवला आहे अशा जाणिवेनें. मळमळ होती, एक वांति झाली, आणि अंगांतला सदरा पिळून काढावा इतका घाम आला. निदान करण्यास मला क्षणाचाहि विलंब लागला नाहीं. अजीर्ण! सौभाग्यवतींनीं ओवा आणून दिला, मग लिंबू-सोडा, मग बेंबीभोवतीं हिंगाचा लेप, मग गरम पाण्याची पिशवी. सूनबाई दारांत उभी राहून म्हणाली, "मामंजी, पोट दुखतंय तर एवढा घाम कशाचा? डॉक्टरांना बोलवायचं का?" त्यावर, अंगांत त्राण नसतांहि, मीं तिला चरकसंहितेंतील आमविषाची कल्पना समजावून सांगितली. आतां तें आठवलें म्हणजे हसूंहि येतें आणि अंगावर कांटाहि येतो. हृदयाचा एक भाग मरत होता आणि त्याचा धनी अजीर्णावर व्याख्यान देत होता.

असे साडेचार तास गेले. साडेसातला बिरवाडीकडून दूध घेऊन येणारे आमचे नेहमींचे गृहस्थ आले. शेतकरी माणूस, वय माझ्याएवढेंच, अक्षरओळख बेताची. त्यांनीं ओटीवरूनच मला पाहिलें, चरवी खालीं ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, ह्यो पित्ताचा घाम न्हाय. माज्या भावाला इच्चू डसला व्हता, तवा असाच गार घाम नि वकाऱ्या. डाक्टरांनी पयलं काळीज बघितलं." आणि कोणाच्या होकाराची वाट न पाहतां ते रिक्षा आणावयास गेले.

पुढचें थोडक्यांत सांगतों. दवाखान्यांत हृदयाचा विद्युत्-आलेख काढला, तेव्हां हृदयाच्या खालच्या भिंतीस रक्त पुरविणारी रोहिणी बंद पडल्याचें दिसलें. गुठळी विरघळविणारें इंजेक्शन तेथल्या तेथें दिलें, आणि नंतर परतणाऱ्या चाकरमान्यांच्या गर्दीनें तुंबलेल्या महामार्गावरून मुंबईस नेऊन रोहिणींत जाळी बसविली. जीव वांचला. परंतु ज्या हृदयानें प्रत्येक ठोक्यास आपल्या पोकळींतील रक्ताचा शेंकडा साठ भाग पुढें लोटावयाचा, तें आतां चाळीसच लोटतें. तेथील डॉक्टर मजवर रागावले नाहींत, इतकेंच म्हणाले, "पहाटे तीनला आला असता तर हा स्नायू वाचला असता." येत्या महाशिवरात्रीस वीरेश्वराच्या छबिन्यांत पालखीमागें चालतां येईल कीं नाहीं याची मला शंका आहे.

दुखणें हृदयाचें असतां तें पोटांत कां जाणवावें? हृदयाची खालची भिंत छाती व पोट यांमधील पडद्यावर टेंकलेली असते. आणि हृदय व जठर या दोहोंकडून येणाऱ्या ज्ञानतंतूंच्या वाटा पुढें एकमेकींस येऊन मिळतात. त्यामुळें हांक कोणत्या घरांतून आली हें मेंदूस नीट उमगत नाहीं. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यामध्यें तर छातींत कळ न येतां नुसती मळमळ, धाप किंवा विलक्षण थकवा एवढ्यावरच झटका येऊन जाण्याचा प्रसंग वारंवार घडतो. आपल्या घरांतील बायका "पित्त झालंय, पडते जरा" म्हणून माजघरांत जाऊन निजतात, त्यांतील सर्वच पित्तें पित्तें नसतात.

मग जें त्या दूधवाल्यांस कळलें तें चरक वाचलेल्या माणसास कां कळूं नये? याचें उत्तर असें कीं, आमच्या या सावित्रीकांठच्या मुलखानें तें मोठी किंमत देऊन शिकलेलें आहे. देशावरील वाचकांस आमच्या तांबड्या विंचवाची ओळख करून दिली पाहिजे. काळा विंचू आकारानें मोठा व दिसण्यांत भयंकर, परंतु तो सहसा जिवावर बेतत नाहीं. तांबडा लहान, भाताच्या पेंढ्यांत, कौलांखालीं, दगडी बांधांत, कधीं वहाणेंत. त्याचा डंख होतो पायाच्या बोटास आणि मृत्यु येतो तो हृदयाच्या वाटेनें. माझ्या लहानपणीं विंचू उतरविणारे गांवोगांव असत. त्यांच्या मंत्रानें वेदना उतरे कीं नाहीं देव जाणे, परंतु संध्याकाळीं डंख झालेला, रात्रीं उलट्या व घाम यांनीं हैराण झालेला धडधाकट तरुण पहाटे तोंडास तांबूस फेंस येऊन जाई, आणि लोक म्हणत, "विष चढलें." तें कोठें चढलें हें कोणी विचारीत नसे.

तें विचारणारा माणूस १९७६ सालीं बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आला. डॉ. हिंमतराव बावसकर हे जालना जिल्ह्यांतील देहेड गांवचे, नागपुरास वैद्यक शिकलेले. आमचा जिल्हा तेव्हां कुलाबा या नांवानें ओळखला जाई. रायगड हें नांव त्यास १९८१ सालीं मिळालें. विंचवाच्या रोग्यास नक्की काय होतें याचें समाधानकारक उत्तर हातीं नव्हतें, म्हणून हे तरुण डॉक्टर रात्ररात्र रोग्याच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची नोंद करूं लागले. त्यांतून निष्पन्न झालें तें हें कीं, वांति, अंग भिजविणारा घाम आणि थंडगार पडलेले हातपाय हीं पोटाचीं लक्षणें नव्हेत. हृदयावर येऊं घातलेल्या संकटाचीं तीं पूर्वचिन्हें होत. १९८२ सालीं हें त्यांनीं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत लिहिलें. विंचवाचें विष ज्ञानतंतूंचीं दारें उघडींच ठेवतें. त्यामुळें शरीरांत उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबापुढें थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. हें एकदां कळल्यावर उपाय सुचला तोहि साधा. रक्तदाबावर देण्यांत येणारी प्राझोसिन नांवाची गोळी आवळलेल्या वाहिन्या सैल करते. तीच त्यांनीं या रोग्यांस दिली. डॉ. प्रमोदिनी बावसकर या त्यांच्या पत्नी. त्या दोघांच्या नांवें या उपचाराचा वृत्तांत त्याच साप्ताहिकांत १९८६ सालीं आला. जेथें पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शंभरीं सुमारें तीस दगावत, तेथें हें प्रमाण एकावर आलें. पुढें विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झालें, तेव्हां महाडासच ७० रोग्यांवर तुलना करून पाहण्यांत आली. नुसत्या गोळीनें बरें होण्यास सरासरी अठरा तासांच्या आसपास लागत, तेथें गोळी व प्रतिविष मिळून आठ तास पुरूं लागले. हा वृत्तांत २०११ सालीं विलायतेंतील 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' यांत प्रसिद्ध झाला. २०२२ सालीं सरकारनें डॉ. बावसकरांस पद्मश्री दिली. पदवीहून मोठी गोष्ट मला ही वाटते कीं, बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंतच्या वाड्यांवाड्यांतून "वकारी आणि गार घाम म्हणजे काळीज बघा" हें ज्ञान निरक्षर माणसांच्या तोंडीं बसलें. माझ्या घरीं तें दुधाच्या चरवीबरोबर आलें.

येथें लेख संपविला असता. परंतु आजारपणांत भेटीस येणारे लोक रोग्यास विचार करावयास लावतात. एक जुने स्नेही आले ते चूर्णाचा डबा घेऊनच. म्हणाले, "गुरुजी, तुमचें कांहीं चुकलें नाहीं. आंतड्यांतल्या जंतूंचें विष रक्तांत जातें आणि हृदय बिघडवतें, हें आतां शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे. पोट साफ ठेवा, औषधांची गरजच नाहीं." खोटें कशाला सांगूं, ऐकून मला बरें वाटलें. म्हणजे माझें आमविष खरेंच होतें कीं काय! डबा फडताळांत ठेवला आणि मुलाकडून या विषयावरील वाचण्याजोगें जें जें मिळेल तें आणविलें. डोळ्यांस त्रास होई तेव्हां सूनबाई वाचून दाखवी.

आंतड्यांत सडलेल्या अन्नाचें विष सर्व शरीर बिघडवतें ही कल्पना युरोपांत एकदां फार बोकाळली होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील एली मेच्निकॉफ यांनीं १९०७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, मोठ्या आंतड्यांतील जंतूंच्या विषामुळेंच मनुष्य अकालीं वृद्ध होतो व आंबट दुधानें त्यास आळा बसतो. पुढील वर्षींच त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें मात्र रोगप्रतिकारावरील वेगळ्या कामासाठीं होतें. लंडनचे शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन यांनीं तर त्या विषाच्या भयानें कित्येकांचें मोठें आंतडेंच कापून काढलें. रोग गेला कीं नाहीं, आंतडें मात्र गेलें. मग या मताची हेटाळणी झाली आणि तें अडगळींत पडलें.

परंतु अडगळींत टाकलेल्या त्या वस्तूंत एक तुकडा खरा होता. त्याचा शोध मेच्निकॉफ यांच्याहि आधीं लागलेला होता. बर्लिन येथें कॉख यांचे शिष्य रिशार्ड फायफर यांनीं १८९२ सालीं दाखविलें कीं, पटकीचे जंतु मेल्यावरहि त्यांच्या शरीरांतील विष प्राण्यास मारतें. त्यास त्यांनीं एंडोटॉक्सिन, म्हणजे अंतर्विष, असें नांव दिलें. पुढें कळलें कीं हें विष म्हणजे कित्येक जातींच्या जंतूंच्या बाह्य कवचाचाच एक घटक असून तो मेद व शर्करा यांचा बनलेला असतो. असे जंतु आपल्या सर्वांच्या आंतड्यांत सुखानें नांदत असतात. शरीरांतील एकंदर जंतूंची संख्या सुमारें ३८ लक्ष कोटि, म्हणजे शरीरांतील पेशींच्या बरोबरीची, असा अंदाज २०१६ सालीं करण्यांत आला; वजन मात्र पावशेराच्याहि आंतच. या अफाट वस्तीस रक्तापासून दूर ठेवणारी भिंत केवढी असावी? एका पेशीच्या जाडीची. तिच्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर, एवढेंच काय तें संरक्षण.

ही भिंत धड असते तोंवर अंतर्विष आंतड्यांतच राहतें. ती सैल पडली कीं थोडें थोडें पाझरतें. तें ज्वर आणण्याइतकें नसतें, अंथरुणावर पाडण्याइतकें तर नसतेंच. परंतु रक्तवाहिन्यांच्या अस्तरास व रक्तांतील पांढऱ्या पेशींस तें डिवचीत राहतें आणि धुमसत्या शेणीसारखा मंद दाह वर्षानुवर्षें चालूं राहतो. रोहिणींच्या भिंतींत मेदाचे थर सांचणें हें नळांत गाळ बसण्यासारखें नुसतें साधें काम नसून त्यांत दाहाचा मोठा वांटा आहे, हें आतां सर्वमान्य आहे. इटलीच्या उत्तरेकडील ब्रुनेक या डोंगराळ गांवीं पन्नाशी उलटलेल्या सुमारें पांचशें स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षें तपासणी झाली. त्यांत ज्यांच्या रक्तांत अंतर्विष सर्वांत अधिक, त्यांच्या रोहिणींत नवे थर बसण्याचा धोका सुमारें तिप्पट आढळला, आणि तोहि विशेषेंकरून धूम्रपान करणाऱ्यांत. हें १९९९ सालचें काम. २००७ सालच्या एका प्रयोगांत उंदरांस चार आठवडे अति स्निग्ध अन्न दिलें तेव्हां त्यांच्या रक्तांतील अंतर्विष दुपटीतिपटीनें वाढलें. मेद शोषला जातांना त्याच्या पाठीवर बसून हें विषहि आंत येतें, असें यावरून मानतात.

दुसरें एक विष जंतु स्वतः होऊन करीत नाहींत. आपण दिलेल्या कच्च्या मालापासून तें तयार होतें. तांबडें मांस व अंड्याचा बलक यांत कार्निटीन व कोलीन हीं द्रव्यें असतात. आंतड्यांतील जंतु त्यांपासून एक वायु बनवितात, यकृत त्याचें रूपांतर करतें, आणि टीएमएओ नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. अमेरिकेंतील क्लीव्हलँड येथील स्टॅन्ले हेझन व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं हा धागा प्रथम पकडला. २०१३ सालीं चार हजारांवर रोग्यांची तीन वर्षांची पाहणी त्यांनीं प्रसिद्ध केली. त्यांत, ज्यांच्या रक्तांत हें द्रव्य सर्वांत जास्त त्यांस हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अथवा मृत्यु यांचा धोका सर्वांत कमी असलेल्यांच्या अडीच पट होता. शाकाहारी माणसाच्या आंतड्यांत हें द्रव्य फारच थोडें तयार होतें, असेंहि त्यांस दिसलें. आमच्या स्नेह्यांनीं हें वाक्य ऐकून मांडीवर थाप मारली. परंतु हृदयाच्या दवाखान्यांत माझ्या उजवीडावीकडील दोन्ही खाटांवर जन्माचे शाकाहारी होते, आणि मधला मी. शिवाय हेंच द्रव्य समुद्रांतील माशांत आयतेंच असतें, तरी मासे खाणाऱ्यांचीं हृदयें त्यामुळें बिघडतात असें दिसत नाहीं. उलट कित्येक पाहण्यांत तीं बरीं आढळतात. मूत्रपिंडें थकलीं म्हणजेहि हें द्रव्य रक्तांत सांचतें. तेव्हां तें अपराधी आहे कीं अपराधाच्या जागेवर सांपडलेला साक्षीदार आहे, याचा निकाल अजून लागावयाचा आहे.

शाकाहाराच्या अभिमानासाठीं आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पति बनवीत नाहींत, प्राणीहि बनवीत नाहींत. तें केवळ जंतूच बनवितात, आणि आपणांस तें मिळतें दूध, अंडीं, मांस यांतून. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुणें व आसपासच्या पुरुषांची तपासणी करून २००६ सालीं दाखविलें कीं, निम्म्याहून अधिकांत याची उणीव आहे व तिच्यामुळें होमोसिस्टीन नांवाचें, रक्तवाहिन्यांच्या विकाराशीं संबंध जोडलें गेलेलें द्रव्य वाढलेलें आहे. शाकाहारी लोकांत ही उणीव अधिक. चहांत चमचाभर दूध घालून "आमच्याकडे दूधदुभतें आहे" म्हणणाऱ्यांनीं आपलें रक्त एकदां तपासून घ्यावें.

मला सर्वांत अधिक विचारांत पाडलें तें मात्र निराळ्याच एका गोष्टीनें. आंतडें हृदयास बिघडवतें, तसें हृदयहि आंतड्यास बिघडवतें. हृदय दुबळें झालें म्हणजे पायांस सूज येते हें आपण पाहतों. तशीच सूज आंतड्यांच्या भिंतीसहि येते, ती दिसत नाहीं इतकेंच. सुजलेली भिंत पाझरूं लागते, अंतर्विष रक्तांत उतरतें आणि आधींच थकलेल्या हृदयास आणखी थकवतें. अशा सुजलेल्या रोग्यांच्या रक्तांत अंतर्विष वाढलेलें असतें, आणि लघवीच्या औषधानें सूज उतरली कीं तें कमी होतें, असें १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्येंच आलें आहे. सकाळची जी लहानशी पांढरी गोळी मी कुरकुरत घेत असें, ती पोटासाठींहि आहे हें वाचल्यापासून कुरकुर थांबली. मीठहि आतां सौभाग्यवती मोजून घालतात; लोणच्याची बरणी माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर गेली आहे.

मग स्नेह्यांचें चूर्ण? जुलाब घेऊन आंतडें "धुवून" काढल्यानें जंतु जात नाहींत. जे जातात ते थोड्याच दिवसांत पुन्हां वस्ती करतात. जंतूंस मारून हृदय राखावें, हा प्रयोगहि होऊन गेला आहे. जंतूंचा रोहिणींच्या विकाराशीं संबंध असावा म्हणून चारचार हजार हृदयरोग्यांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. दीर्घकाळ प्रतिजैविकें दिलीं, आणि २००५ सालीं निकाल आला कीं झटके कमी झाले नाहींत. ती शंका श्वासमार्गांतल्या जंतूवर होती, आंतड्यांतल्या नव्हे; तरी जंतु मारला कीं रोग टळला इतकें हें गणित सरळ नाहीं, एवढें त्यावरून कळतें. आंतड्यांतील प्रजेचा संहार करण्यापेक्षां तिला नीट खाऊं घालावें, हें शहाणपणाचें दिसतें. त्या प्रजेचें अन्न म्हणजे आपणांस न पचणारा चोथा. जंतु तो आंबवून त्यापासून ब्युटिरिक आम्लासारखीं द्रव्यें करतात, आणि आंतड्याच्या भिंतीच्या पेशी त्यावरच पोसतात. चोथा मिळाला नाहीं तर कांहीं जंतु त्या भिंतीवरील श्लेष्म्याचा थरच खाऊं लागतात, असें उंदरांत आढळलें आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रांत योगेश शौचे व त्यांचे सहकारी यांनीं भारतीयांच्या आंतड्यांतील जंतूंचा अभ्यास केला. त्यांत प्रेव्होटेला नांवाच्या जंतूंचें प्राबल्य आढळलें, आणि हे जंतु धान्य-कडधान्याच्या आहाराशीं जुळलेले मानले जातात. म्हणजे आपल्या पोटांतली प्रजा अजून भाकरीची वाट पाहत आहे. आपण तिला पांढरा भात आणि बिस्किटें देतों. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें अकरा ग्रॅम चोथा असतो, तर सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत तीनाच्या आंत. आमच्या घरीं आतां रात्रीं नाचणीची भाकरी, कुळथाचें पिठलें किंवा मोडाचे वाल आणि ताक असतें. मोदक वर्षांतून एकदांच करावयाचे ठरले आहे, आणि संख्या सूनबाई ठरविणार आहे.

राहिला चरक. आमविष आणि अंतर्विष एकच, असें म्हणण्याचा मोह संस्कृत शिकलेल्या माणसास होतो. मला झाला होता. त्या ग्रंथांत पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठीं, एक द्रवासाठीं व एक वातादि दोषांसाठीं मोकळा ठेवावा असें सांगितलें आहे, तें आजहि पाळण्याजोगें आहे, आणि मीं त्या रात्रीं तेंच पाळलें नव्हतें. परंतु नांवें जुळलीं म्हणजे वस्तु जुळल्या असें होत नाहीं. मुख्य म्हणजे वेग निराळा आहे. विंचवाचें विष हृदयापर्यंत घटकाभरांत पोहोंचतें. आंतड्यांतल्या जंतूंचें विष, जें काय करतें तें, वीस-तीस वर्षांत करतें. माझी रोहिणी मोदकांनीं बंद पडली नाहीं. तारुण्यांत ओढलेल्या विड्या, चढता रक्तदाब, बैठें जीवन आणि कदाचित् तें मंद विष यांनीं ती केव्हांचीच अरुंद करून ठेवली होती. त्या रात्रीं थर फुटला आणि त्यावर गुठळी धरली. पोटाचा विचार करावयाचा तर तो मागच्या वीस वर्षांत करावयास हवा होता. पहाटे तीन वाजतां करावयाचा विचार पोटाचा नव्हता.

चूर्णाचा डबा मीं स्नेह्यांस परत दिला. ते थोडे रागावले आहेत, येतील पुन्हां.

आणि स्वयंपाकघरांत, रॉकेलच्या जुन्या दिव्याच्या कोनाड्याशेजारीं, सूनबाईनें एक कागद चिकटविला आहे. मुंबईच्या डॉक्टरांनीं तिला जें सांगितलें तें तिनें आपल्या अक्षरांत लिहून काढलें आहे: छातीवर किंवा छातीच्या टोकाखालीं दाब, जबडा अथवा हात दुखणें, गार घाम, ओकारी, धाप, यांपैकीं कांहींहि अचानक सुरू होऊन पंधरा मिनिटांत थांबलें नाहीं तर ओवा नाहीं, सोडा नाहीं, १०८ क्रमांकास दूरध्वनि, आणि ज्यांस चालते त्यांनीं अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खावी. त्या कागदावर ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका आहेत. त्या मीं तशाच राहूं दिल्या आहेत.